भिंतीवरचा इजिप्त

इजिप्त रंगवायला फार सोपा देश आहे. पश्चिमेची आणि दक्षिणेची सीमा जवळजवळ सरळ. पट्टी लावायची, रेघ ओढायची. वर भूमध्य समुद्र, उजवीकडे तांबडा समुद्र, मधून नाईल. चहा येईपर्यंत देश तयार होतो. नॉर्वे, ग्रीस आणि इंडोनेशिया मात्र पेंटरचा अंत पाहतात. नॉर्वेचा किनारा जसाच्या तसा काढायचा म्हटलं तर मनगट दुखून येतं, आणि नाही काढला तरी सेनगाव तालुक्यात कुणी तक्रार करणार नसतं. तरी मी काढत आलो. का, ते मला नीट सांगता येणार नाही.

माझा धंदा शाळांच्या भिंती रंगवण्याचा. गावोगावच्या शाळांवर जगाचा नकाशा, सात आश्चर्यं, देशांचे झेंडे, राजधान्या, हाडांचा सांगाडा, सूर्यमाला असं काय काय दिसतं. सरकारी भाषेत त्याला 'बोलक्या भिंती' म्हणतात. त्या भिंतींना बोलायला लावणारा जो इसम शिडीवर तोंड बंद ठेवून उभा असतो, तो मी. हिंगोली जिल्ह्यातल्या पुष्कळ लेकरांनी जग पहिल्यांदा पाहिलं ते माझ्या हातचं. मी स्वतः जग पाहिलेलं नाही. नांदेडच्या पलीकडे गेलो की मला पाणी बाधतं.

नकाशा काढायची रीत सांगतो. आधी अ‍ॅटलासच्या पानावर पेन्सिलीनं चौकटी पाडायच्या. मग गेरूत बुडवलेली दोरी दोघांनी भिंतीवर ताणून धरायची आणि मधून टिचकी मारायची. लाल रेघ उठते. तशाच चौकटी भिंतीवर पाडल्या की पानावरच्या एका चौकटीत जेवढा देश, तेवढाच भिंतीवरच्या चौकटीत. एवढं जमलं की कोणताही माणूस खंड काढू शकतो. अडचण खंडांची नसते, इमारतीची असते. बांधकाम खात्यानं भिंत बांधताना जगाचा विचार केलेला नसतो. खिडकी नेहमी पॅसिफिक महासागरात बसवायची, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. तिथं कुणाचं नुकसान होत नाही. विजेचं बटण ग्रीनलंडमध्ये खपून जातं. पन्हाळीचा पाइप मात्र दक्षिण अमेरिकेतून काढावा लागतो. एका शाळेत मी त्याला निळा रंग देऊन अ‍ॅमेझॉन केला होता. नदी वरून खाली वाहत होती हे चूक, पण पावसाळ्यात तिच्यातून खरं पाणी येई.

नकाशा पुरा झाला की गावातले लोक हात मागे बांधून येतात आणि एकच प्रश्न विचारतात, "आमचं गाव कुठं हाय यात?" जगाच्या नकाशावर हिंगोली दाखवायची तर सुईच्या टोकाएवढीही जागा मिळत नाही. मी लाल टिंब देतो. त्या टिंबाखाली अख्खा मराठवाडा आणि थोडा तेलंगणाही जातो, पण गाव खुश होतं. प्रत्येक गावाला मी तेच टिंब त्याच जागी दिलेलं आहे. अजून तरी दोन गावांनी एकत्र बसून ताडून पाहिलेलं नाही.

देश मात्र स्वस्थ बसत नाहीत. सुदानचे दोन झाले तेव्हा मला पुन्हा शिडी लावावी लागली. कझाकस्ताननं राजधानीचं नाव बदललं आणि थोड्या वर्षांनी जुनंच परत घेतलं. तेव्हा एका मुख्याध्यापकांचा फोन आला, "पेंटर, त्यांना म्हणावं एकदा काय ते ठरवा. आमच्याकडं रंगाला निधी न्हाई." छापील पुस्तकातली चूक पुढच्या आवृत्तीत निघते. भिंतीवरची चूक दहा वर्षं मुलांच्या डोक्यात जात राहते. म्हणून मला वाचायची सवय लागली. हिंगोलीच्या वाचनालयातले ज्ञानकोशाचे खंड माझ्याइतके कुणी काढले नसतील. काही खंडांवर माझ्या बोटांचा निळा रंग अजून आहे.

इजिप्तला मागणी नेहमी असे. पिरॅमिड सात आश्चर्यांत येतो, नदीकाठच्या संस्कृतींच्या धड्यात येतो, आणि शाळेबाहेरही चालतो. वारंगा फाट्यावर एका ढाब्याच्या मालकाला दर्शनी भिंतीवर पिरॅमिड हवा होता. का, तर शेजारच्या ढाब्यानं ताजमहाल काढून घेतला होता. मी मन लावून काम केलं. चौथऱ्याचे दगड, मागे नदी, ओझं वाहणारी माणसं, गाढवं. मालक आला आणि खांद्यावरचा टॉवेल झटकत म्हणाला, "उंट कुठं हाय?"

मी म्हणालो, "पिरॅमिड बांधले त्या काळी तिथं उंट वापरात नव्हते. ओझ्याला गाढवं होती."

"म्हंजे माझ्या हॉटेलावर गाढवं काढता व्हय?"

"खरं तसंच होतं."

"पेंटर भाऊ, लोक जेवाया येऊन राहिले, परीक्षा द्याया न्हाई. उंट न्हाई दिसला तर त्यांना वाटंल बांधकाम चालू हाय, हॉटेल बंद हाय."

मी दोन उंट काढले. गाढवंही ठेवली, जरा लांब. मालकानं पुढे एका उंटाच्या झुलीवर 'शुद्ध शाकाहारी' लिहून घेतलं. उंटाच्या बाबतीत ते खरंच होतं.

शाळेत अडचणी वेगळ्या. बहुतेक मुख्याध्यापकांना स्फिंक्सचं नाक हवं असतं. खऱ्या स्फिंक्सचं नाक कधीच गेलं, हे सांगून उपयोग नसतो. "लेकरांपुढं नकटा देव नको," असं एक बाई म्हणाल्या होत्या. तो देव नाही, तरी मी नाक काढून दिलं. हिंगोली जिल्ह्यातल्या सगळ्या स्फिंक्सना नाकं आहेत, आणि चांगली आहेत.

ज्ञानकोशात इजिप्तबद्दल वाचत गेलो तसं ते लोक परके वाटेनासे झाले. त्यांचे चित्रकार राजाला सगळ्यांहून मोठा काढत. राणी त्याच्या गुडघ्याएवढी, चाकर घोट्याएवढे. आपल्या चौकातला वाढदिवसाचा फलक आठवा. मधे साहेब, बाजूला तालुकाध्यक्ष, खाली मोसंबीएवढ्या तोंडांचे शुभेच्छुक. मोजमाप तेच आहे, फक्त गॉगल वाढला. दुसरी गोष्ट म्हणजे नवा राजा गादीवर आला की कधीकधी जुन्याचं नाव छिन्नीनं उडवून त्या जागी स्वतःचं कोरून घेई. हे वाचताना मला हसू आलं. ग्रामपंचायतीची निवडणूक झाली की मला कामं येत ती याच जातीची. आमच्याकडे छिन्नी लागत नाही, चुना पुरतो. 'संकल्पना', 'प्रेरणा', 'मार्गदर्शन' आणि 'सौजन्य' हे चार शब्द मी जेवढे लिहिले तेवढा 'भारत' लिहिला नसेल. संकल्पना म्हणजे पैसा दुसऱ्याचा, हे माझ्या लक्षात यायला थोडी वर्षं लागली.

पण इजिप्तची माणसं नाव खोडण्याला फार भीत. नाव उच्चारलं जातं तोवर माणूस आहे, नाव मिटलं की तो दुसऱ्यांदा मरतो, अशी त्यांची समजूत. मला तेव्हा ती पुस्तकी गोष्ट वाटली होती. पुढे एका कामावर ती समोर उभी राहिली.

गाव सेनगाव तालुक्यातलं. नाव लिहीत नाही, कारण तिथले दोन्ही पक्ष मला चहा पाजतात. शाळा गावाच्या कडेला. तिची मागची खोली आणि पटांगण किसन नावाच्या एका लहान शेतकऱ्यानं दिलेल्या जागेवर होतं. वावराचा रस्त्याकडचा कोपरा, म्हणजे सगळ्यात कामाचा तुकडा, त्यानं शाळेला देऊन टाकला होता. तो वारल्यावर दाराच्या उजव्या हाताला दोन ओळी लिहिल्या गेल्या, "ही जागा कै. किसनराव यांनी शाळेस दिली." त्या ओळी माझ्याच हातच्या. जिवंतपणी त्याला कुणी 'राव' म्हणालं नव्हतं.

मग निवडणूक झाली. किसनचा मुलगा पडलेल्या पॅनलमध्ये होता. नवे सरपंच निवडून आले आणि शाळेच्या भिंती रंगवायला निघाले. मला घेऊन ते भिंतीसमोर उभे राहिले. पांढरा सदरा, हातात फोन, मागे मुख्याध्यापक. आम्ही सगळे त्यांना गुरुजी म्हणत असू.

"इकडं जग काढा," सरपंच म्हणाले. "दारावर माझं नाव, संकल्पना म्हणून. अन् हितं उजव्या हाताला तो इजिप्त काढा, पिरॅमिडचा. फोटोत चांगला येतो."

"उजव्या हाताला दोन ओळी आहेत," मी म्हणालो.

"असतील. जुनं काही दिसाया नको."

"ते जागा देणाऱ्याचं नाव आहे."

"पेंटर, मी नाव पुसा म्हणून राहिलो का? मी भिंत नवी करा म्हणून राहिलो. काय गुरुजी, बराबर हाय का न्हाई?"

गुरुजी झेंड्याच्या खांबाकडे पाहत होते. त्यांची बदली दर वर्षी होता होता राहत असे. ते म्हणाले, "भिंत नवी झाली तर चांगलंच आहे."

दुपारी मी शाळेच्या ओट्यावर बसलो होतो. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या गयाबाई ताटली घेऊन आल्या. त्या किसनच्या बायको. साठीच्या पुढच्या, हाडापेरानं बारीक, डोक्यावरचा पदर चुलीपुढेही न ढळलेला. ताटली ठेवून गेल्या नाहीत, तिथंच उभ्या राहिल्या.

"पेंटर भाऊ, ते पुसता म्हणं?"

"कोणतं?"

"तेच की. आमच्या घरचं."

आमच्या भागात जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. 'घरचे', 'पोराचा बाप', 'ते' एवढ्यावर जन्म काढतात. नवरा गेला तरी नेम सुटत नाही.

"सरपंच म्हणतात भिंत नवी करायची आहे," मी म्हणालो.

"मला वाचता येत न्हाई भाऊ. पन ते कुठून सुरू होतं अन् कुठं संपतं, ते ठावं हाय मला. चुलीवर पातेलं चढवलं की तिकडं पाहते. रोजचं हाय ते."

"तुमचा मुलगा सरपंचांशी बोलला तर?"

"तो बोलंल, अन् उद्या माझी चूल दुसरी बाई पेटवंल. तो म्हनतो, माय, भांडतो. म्या म्हनलं, गप बस." त्यांनी पदर ओढून घेतला. "कुठं तरी राहू द्या. बारीक बी चालंल. कोपऱ्यात."

मी काय ते बघतो, असं म्हणालो. असं म्हणणाऱ्या माणसाला बहुधा काही करता येणार नसतं.

मला वाटलं होतं की वरून चुना मारू. ऑइल पेंटची अक्षरं जाड असतात. चुन्याखालूनही तिरप्या उन्हात त्यांचा उठाव दिसतो. दिवसातून थोडा वेळ का होईना, किसन भिंतीवर राहिला असता. पण सरपंचांना हे ठाऊक होतं. त्यांच्याच घरावर मागच्या पक्षाचं चिन्ह सकाळच्या उन्हात अजून दिसत असे. ते स्वतः येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "खरवडून घ्या." मी लोखंडी पत्ती लावली. काळे पोपडे खाली पडत गेले. स्वयंपाकखोलीचं दार आतून लोटलेलं होतं.

नंतर त्या जागी मी वाळवंट भरलं, पिरॅमिड उभा केला, खाली नाईल वाहवली. सरपंच रोज येऊन पाहत. चौथ्या प्रहरी एकदा म्हणाले, "अन् ती लिपी काढा की. टीव्हीत असती तशी. पक्षी, डोळे, साप. त्याबिगर इजिप्त वाटत न्हाई."

हे त्यांनीच सुचवलं, हे मी इथं मुद्दाम नोंदवतो.

त्या लिपीत काही चित्रं नुसत्या आवाजांची असतात. स्वर बहुतेक लिहीतच नाहीत. आणि राजाचं नाव असेल तर त्याभोवती दोरीचा लांबट फेरा काढतात, म्हणजे हे नाव साधं नाही हे कळावं. ज्ञानकोशात त्या आवाजांचं कोष्टक आहे. 'क' म्हणजे एका बाजूला धरायला कान असलेली टोपली. 'स' म्हणजे घडी घालून टाकलेलं कापड. 'न' म्हणजे पाण्याची लाट. मी पिरॅमिड आणि नदी यांच्या मधोमध दोरीचा फेरा काढला आणि त्यात ही तीन चित्रं काढली. रंग चांगला लावला, दोन हात. वर आजूबाजूला पक्षी, डोळे, साप भरले, सरपंचांच्या समाधानासाठी.

सरपंचांनी फेऱ्यावर बोट ठेवलं. "हे काय हाय?"

"नाव आहे."

"कुनाचं?"

"दोरीत फक्त राजाचं लिहीत."

"बराबर," ते म्हणाले आणि त्याच्या शेजारी उभं राहून फोटो काढून घेतला.

उद्घाटन झालं. भिंतीचं उद्घाटन कसं करतात, तर भिंतीला फीत बांधून ती कापतात. पाहुणे जेवणाच्या वेळेनंतर आले. मुलं उन्हात बसली होती. शाली आल्या, नारळ आले, माझ्या वाट्यालाही एक नारळ आला. पाहुण्यांनी भाषणात पिरॅमिड युरोपात नेऊन ठेवला आणि तिथल्या कामगारांची निष्ठा आपण घ्यावी असं सांगितलं. गुरुजींनी खूण केली तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. जागा कुणाची, हे त्या कार्यक्रमात कुणी उच्चारलं नाही. गयाबाई स्वयंपाकखोलीच्या दारात उभ्या होत्या आणि आता जिथं वाळू होती त्या जागेकडे पाहत होत्या.

सगळे पांगल्यावर मी त्यांना भिंतीपाशी बोलावलं. दोरीचा फेरा दाखवला आणि म्हणालो, "हे तुमच्या घरचं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काहून म्हातारीची थट्टा करून राहिले, भाऊ?"

"थट्टा नाही. त्या मुलखात असंच लिहीत. राजाचं नाव असलं तर भोवती दोरी. आत त्यांचं नाव आहे."

"ह्यात अक्षरं कुठं हायत? हे तर टोपलं हाय."

"टोपलंच."

"अन् ही काठी?"

"काठी नाही, कापड. घडी घालून टाकलेलं."

"खांद्यावर टाकत व्हते तसं?"

"तसंच."

"अन् हे पानी." त्या आणखी जवळ गेल्या. नवीन रंगाला हात लावायचा नसतो, हे मला सांगायचं होतं, पण राहून गेलं. त्यांनी एकेका चित्रावर बोट ठेवलं आणि सावकाश म्हटलं, "टोपलं. कापड. पानी."

"आता तुम्ही त्यांचं नाव घेतलं," मी म्हणालो.

त्या चपापल्या. पदर तोंडाशी नेला आणि आसपास कुणी ऐकलं का ते पाहिलं. मग हसू लागल्या. "अगं बया. लग्नात उखाण्यात घेतलं व्हतं एकदा, बायांनी अडवलं म्हणून. मंग कधी न्हाई." त्यांनी पुन्हा एकदा, या वेळी जरा मोठ्यानं, तिन्ही चित्रं वाचली. कोणतीही भिंत रंगवून मला एवढं बरं वाटलेलं नाही. मी ब्रश धुवायला गेलो, कारण तिथं थांबण्यासारखं माझं काही काम नव्हतं.

पावसाळ्यानंतर त्या शाळेत मला पुन्हा जावं लागलं. भिंतीला ओल येऊन ऑस्ट्रेलियाला पोपडे धरले होते. दुपारी खिचडीची रांग लागली होती. गयाबाई उलथनं घेऊन पातेल्यामागे बसल्या होत्या. प्रत्येक लेकरू ताटली पुढे करी, भिंतीकडे तोंड करून ओरडे, "टोपलं, कापड, पानी!" आणि मग त्याला वाढलं जाई. ज्यानं भिंतीकडे न पाहताच म्हटलं, त्याला गयाबाई पुन्हा म्हणायला लावत. रांगेत सरपंचांचा नातूही होता. त्याचा आवाज सगळ्यात मोठा, आजोबांवर गेलेला.

सरपंच तेवढ्यात फाटकातून आत आले. रांगेपाशी थांबून ऐकत राहिले.

"गुरुजी, काय म्हणून राहिले हो लेकरं?"

गुरुजींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग गयाबाईंकडे. त्यांना सगळं माहीत आहे, हे मला तेव्हा कळलं. या खेपेला ते झेंड्याच्या खांबाकडे वळले नाहीत.

"इजिप्तची लिपी आहे, साहेब," ते म्हणाले. "सामान्य ज्ञान."

सरपंचांनी नातवाच्या पाठीवर थाप मारली.

"चांगलं हाय," ते म्हणाले. "रोज म्हणून घेत जा."